घर बघायचं नाही, आकडा बघायचा

२ ऑगस्ट

आज क्लासला सुरुवात. सगळी नोकरी फळ्यापुढे उभं राहून भूगोल शिकवण्यात गेली, जूनमध्ये निवृत्त झालो आणि आज पहिल्यांदा बाकावर बसलो. अवघड गेलं. समोरचा शिकवायला लागला की हात शिवशिवतात.

क्लासचं नाव आहे 'मालक घडवूया'. घरं कशी घ्यायची, कशी विकायची आणि मधल्या मध्ये श्रीमंत कसं व्हायचं, हा विषय. शिकवणारे गृहस्थ टाय लावतात, टायला पिन लावतात आणि पिनेवर एक छोटं सोनेरी घर आहे. मी त्यांचं नाव टायवाला ठेवलं. नावं ठेवायची खोड निवृत्त होत नाही. वर्गात एक बेकरीवाला आहे, पोट पुढे आणि आवाज त्याच्याही पुढे. एक दातांची डॉक्टरीण आहे, ती आपलं बोलणं ऐकत नाही, बोलताना आपले दात मोजते. मी शक्यतो तोंड मिटून होतो.

टायवाल्यानं पहिलंच वाक्य लिहिलं, 'तुमचं राहतं घर झोपलेलं आहे.' म्हणाला, राहतं घर म्हणजे आयतोबा पाहुणा, नुसता खातो आणि लोळतो. त्याला उठवा, गहाण टाका, त्या पैशातून दुसरं घर घ्या, दुसऱ्यातून तिसरं. सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. मीही डोलावली. मग आठवलं की आमचं घर बायकोच्या नावावर आहे. सासऱ्यांनी जाण्याआधी लेकीच्या नावावर केलं. एवढा जावई शिक्षक असताना माझ्या नावावर का केलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांना सुया टोचते, संध्याकाळी माझ्याकडे वळते.

"एवढं शिकवतो, तर तो स्वतः कितव्या घरात राहतो?"

"तो भाड्यानं राहतो," मी म्हणालो. "तत्त्व म्हणून."

ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. बायकांना अर्थशास्त्र कळत नाही ते असं.

९ ऑगस्ट

आजचा धडा, 'रडकं घर कसं ओळखावं'. रडकं घर म्हणजे ज्याच्या मालकाला विकायची घाई आहे ते. तेच स्वस्तात मिळतं. कारणं तीन: मरण, आजारपण आणि नवरा-बायकोचं फाटणं. टायवाल्याच्या मते तिसरं सर्वांत उत्तम, कारण मेलेल्याचे वारस भांडत बसतात, पण फाटलेल्या नवरा-बायकोत एकाला तरी उद्याच्या उद्या निघायचं असतं.

लक्षणंही सांगितली. वर्षानुवर्षं गळणारा नळ अचानक दुरुस्त होतो. भिंतींना रंग लागतो. कपाटं हलकी होतात. माहेरचं माणूस वरचेवर यायला लागतं. ही लक्षणं दिसली की समजायचं, घर रडतंय. मला जरा कसंतरी वाटलं. पण गिधाडांचंही निसर्गात काम असतं, हे मीच मुलांना शिकवत आलोय.

शेवटी मुख्य नियम, जो सगळ्यांनी उभं राहून मोठ्यानं म्हणायचा असतो: "घर बघायचं नाही, आकडा बघायचा." घर बघितलं की माणूस त्याच्या प्रेमात पडतो, खिडकीतलं झाड बघून भाव वाढवतो. म्हणून इथे सौदे आंधळे होतात. एकानं घर शोधायचं, दुसऱ्यानं बोलणी करायची, तिसऱ्यानं पैसे घालायचे. पैसे घालणाऱ्याला पत्ता आणि मालकाचं नाव सह्यांच्या दिवशीच कळतं. काय शिस्त आहे!

१४ ऑगस्ट

गहाणखताचे कागद आणले. बायको "नाही" म्हणाली. "बाबांनी डोक्यावर छप्पर दिलंय, ते मी टांगणीला लावणार नाही."

मी वाद घातला नाही. टायवाला सांगतो, नकार म्हणजे होकाराची पहिली पायरी. आता रोज सकाळी तिच्या चहाच्या कपाशेजारी ते कागद ठेवतो, वर पेन. ती त्यावर गरम पातेलं ठेवते. पहिल्या पानावर काळं वर्तुळ उमटलंय. चिकाटी आम्हा दोघांतही आहे.

१८ ऑगस्ट

बेकरीवाल्याला अडचण सांगितली. तो पोट धरून हसला. "सर, बायकोच्या सहीचं एवढं काय? घरातल्या घरात सगळेच करतात. माझ्या बायकोची सही तिच्यापेक्षा मलाच जास्त चांगली येते."

मी असलं काही करणार नाही. नुसतं कुतूहल म्हणून क्लासच्या एका कागदामागे आठ-दहा वेळा काढून बघितली. शेवटच्या दोन हुबेहूब आल्या. शेवटी नकाशे काढलेला हात आहे.

१९ ऑगस्ट

तो कागद टेबलावर राहिला होता, सापडत नाही. रद्दीत गेला असेल.

बायको आज रजेवर होती, दिवसभर गप्प. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली आणि काहीतरी बोलली. माझ्या कानात टायवाल्याचं रेकॉर्डिंग चालू होतं, नेमकं महत्त्वाचं चाललं होतं, 'समोरच्याचं ऐकून घेण्याची कला'. मी मान डोलावत राहिलो. तिनं माझ्या एका कानातला इअरफोन उपटला.

"ऐकलंत ना? नीट ऐकलंत?"

"सगळं ऐकलं. तुला योग्य वाटेल ते कर," मी म्हणालो.

तिनं इअरफोन टेबलावर ठेवला. "बरं," म्हणाली आणि भावाला फोन लावला. बहुधा गॅसच्या शेगडीचं काहीतरी असावं. शेगडी बदलायची म्हणत होती मागे.

२३ ऑगस्ट

गृहपाठ होता, 'घरच्या घरी सराव'. घरातल्या माणसानं घर विकणारा व्हायचं, आपण घेणारा. बायको तयार होईल असं वाटलं नव्हतं, पण आश्चर्य म्हणजे लगेच बसली. हात पुसून, खुर्ची ओढून, अगदी समोर.

"बाई, घर का विकताय?" मी सुरुवात केली.

"नवरा ऐकत नाही म्हणून."

"व्यसन वगैरे आहे का?"

"क्लासचं आहे."

मला हसू आलं, पण भूमिका सोडली नाही. "घर विकल्यावर तो कुठे जाईल?"

"त्याला सांगितलंय मी. तोंडावर सांगितलंय. त्यानं मान डोलावली."

"मग तुम्हाला दुःख होतंय की नाही?"

"बाबांनी या घराची एकेक फरशी स्वतः उभं राहून बसवून घेतली," ती म्हणाली. "पण माझी सही दुसऱ्या कुणी करण्यापेक्षा मीच केलेली बरी."

काय अभिनय! मी दहापैकी नऊ दिले. एक मार्क कापला, कारण शेवटी तिचा आवाज कापरा झाला. भावनेच्या भरात बोललं की भाव पडतो. तिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "लक्षात ठेवीन." क्लासचा असर घरावर व्हायला लागलाय एकूण.

३० ऑगस्ट

मी हरलो नव्हतो, बायकोच विरघळली! पुरावे बघा. स्वयंपाकघरातला नळ, जो आमच्या लग्नापासून ठिबकतोय असं तिचं म्हणणं, तो तिनं प्लंबर बोलावून नीट केला. बाहेरच्या खोलीला रंग दिला. कपाटातून गाठोडीच्या गाठोडी बाहेर काढली. मेहुणा या आठवड्यात तिसऱ्यांदा आला, नेहमी वर्षातून एकदा उगवतो. मला बघितलं की घसा खाकरतो आणि हवापाण्यावर बोलतो. आज मात्र जाताना म्हणाला, "भाऊजी, तुमचं पुढचं काय ठरलं?"

"मोठं ठरलंय," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. "ताईला काळजी होती."

घर नीटनेटकं केलं की गहाणाला जास्त रक्कम मिळते, हे तिला आपसूक समजलेलं दिसतं. मी कागदांचा विषय काढला नाही. फळ पिकू द्यावं.

६ सप्टेंबर

आज वर्गात पहिला खरा सौदा आला. शोधला दातांच्या डॉक्टरिणीनं. तिची एक पेशंट आहे, दाढेचं काम चालू आहे, तोंड उघडं ठेवून चार तास बसली आणि मध्ये गुळण्या करताना सगळं सांगून टाकलं. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. न्हाणीघराच्या भिंतीला ओल. बाईला लगेच विकायचंय, कारण नवरा कुठल्यातरी क्लासच्या नादी लागून घर घालवायला निघालाय.

"योगाचा क्लास असेल," बेकरीवाला म्हणाला. "हल्ली त्यात फार लोक वाया जातात."

सगळे हसले. मी म्हणालो, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरातली बाई निघून चाललीय आणि गृहस्थाला पत्ता नाही. असे नवरे असतात म्हणून आपली पोटं भरतात." टाळ्या पडल्या. टायवाला म्हणाला, सरांच्यात गुंतवणूकदाराचं काळीज आहे.

आमचं घरही थेट असंच आहे, तिसरा मजला, दोन खोल्या, ओलसुद्धा. म्हणजे अशा घराची नस मला कळते. मी पैसे घालायचं ठरवलं. फंडाचे पैसे हाताशी आहेतच, गहाणाची गरजच नाही. बायको बघतच राहील.

१० सप्टेंबर

संध्याकाळी फिरून आलो तर टेबलावर बिस्किटांचा खोका, लाल रिबीन लावलेला. आमच्याच बेकरीवाल्याच्या बेकरीतला! बोलणी करायला जाताना तो असाच खोका घेऊन जातो, गोड खाल्लं की माणूस भाव सोडतो म्हणतो. बायकोला विचारलं, कुठून आला?

"एक गृहस्थ आले होते. घर बघायला."

"कुणाचं?"

"आपलं."

तिची थट्टा करायची पद्धत हल्ली सुधारलीय. माझ्या मित्राच्या दुकानातून मुद्दाम खरेदी केली, हे कबूल करायला लाजतेय, दुसरं काही नाही. मी सहा बिस्किटं खाल्ली. तिनं एकही खाल्लं नाही, दाढ दुखते म्हणाली.

१३ सप्टेंबर

बाई मागते ती रक्कम माझ्या फंडाच्या थोडी वर जातेय. बेकरीवाला म्हणाला, बाई गोड आहे, पण भावावर अडून बसलीय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो आणि उपाय सांगितला.

"ओलीला धरा. म्हणा, भिंत पोकळ झालीय, सगळं न्हाणीघर उखडावं लागेल. मग आठवडाभर फोन उचलू नका. बाईला घाई आहे, ती झुरेल. झुरली की स्वतःहून खाली येईल."

"एक बाईमाणूस आहे, सर, जरा जपून..." डॉक्टरीण म्हणाली.

"घर बघायचं नाही, आकडा बघायचा," मी म्हणालो. वर्ग उभा राहिला आणि सगळ्यांनी ते पुन्हा म्हटलं. निवृत्तीनंतर एवढा मान पहिल्यांदा मिळाला.

१७ सप्टेंबर

बायकोचं काहीतरी बिनसलंय. फोन वाजला की धावते, नंबर बघते, ठेवून देते. काल न्हाणीघरात भिंतीला हात लावून उभी होती. "ही ओल किती वर्षं दाखवतेय मी तुम्हाला," म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. ओलीसाठी कुणी रडतं का? मी पाठीवर थोपटलं, म्हटलं, "अगं, भिंत आहे ती, हातपाय आहेत का तिला? कुठे पळून जाणार?" त्यावर ती आणखी रडली.

वाईट वाटलं मला. खरंच वाटलं. सौदा झाला की पहिल्या भाड्यातून ही ओल काढून देईन.

२० सप्टेंबर

बाई झुरली! माझ्या आकड्यावर आली. इसार बेकरीवाल्याच्या हस्ते गेला, पद्धत तशीच आहे. त्याला त्याची दलाली, डॉक्टरिणीला शोधल्याबद्दल, टायवाल्याला मार्गदर्शनाबद्दल. सगळ्यांना काही ना काही मिळालं. बाकीची रक्कम सह्यांच्या दिवशी दिली की फंड संपला. पण आता मी मालक.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. सह्या झाल्या की किल्ली तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवणार.

२५ सप्टेंबर

लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

वकिलाच्या ऑफिसात गेलो तर समोरच्या खुर्चीत बायको. शेजारी मेहुणा. मला वाटलं, हिला माझा बेत कळला आणि ही अडवायला आली.

"तू इथे कशी? मी सांगणारच होतो तुला," मी म्हणालो.

"मी तर सांगितलं होतं," ती म्हणाली.

तेवढ्यात बेकरीवाला आत आला, हातात लाल रिबिनीचा खोका. "झाली का ओळख? सर, या घर देणाऱ्या. बाई, हे घेणारे." डॉक्टरीण मागून आली. तिनं बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच दात सोडून माझ्या डोळ्यांकडे बघितलं. मेहुणा घसा खाकरायचाही विसरला.

बायकोला समजायला माझ्यापेक्षा फार कमी वेळ लागला. तिनं विचारलं, "ओलीवरून भाव पाडायची अक्कल कुणाची?"

बेकरीवाला अभिमानानं म्हणाला, "सरांची! पहिल्याच सौद्यात!"

"एवढी वर्षं दाखवत होते, तेव्हा दिसली नाही," बायको म्हणाली. "विकायला काढल्यावर दिसली."

मी म्हणालो, चल, घरी जाऊ, झालं गेलं विसरून जाऊ, लोक हसतील. ती म्हणाली, "कुणाच्या घरी?" मग शांतपणे सांगितलं, रक्ताचा रिपोर्ट सांगते तसं. लॅबजवळ एका खोलीच्या घराला तिनं इसार दिलाय. आज पैसे भरले नाहीत तर तो बुडेल. "आणि तुम्ही नाही घेतलंत तर हे घर दुसरा कुणी घेईल. मग तुम्ही राहणार कुठे? घ्या तुम्हीच. सौदा तुम्हीच ठरवलाय."

"तू रागावलीयस. थोडे दिवस थांब ना," मी म्हणालो.

तिनं पर्स उघडली आणि एक घडी घातलेला कागद माझ्यासमोर ठेवला. क्लासचा कागद होता. मागे तिची सही, आठ-दहा वेळा. माझ्या हातची.

"आज तरी माझी सही मी करते," ती म्हणाली.

केली. मग मी केली. सह्या झाल्यावर तिनं पेनाला टोपण लावलं आणि मला परत दिलं. माझंच होतं. गहाणखतावर रोज ठेवत होतो ते.

४ ऑक्टोबर

क्लासमध्ये सत्कार. पहिलं घर घेतल्याबद्दल मलाही सोनेरी घराची पिन मिळाली. टायवाल्यानं विचारलं, काय अनुभव? मी म्हणालो, चांगला आहे. बेकरीवाला कानाशी लागून म्हणाला, "सर, एका अर्थी फायदाच झाला तुमचा. बाजारभावाच्या खाली मिळालं."

सगळ्यांनी उभं राहून नियम म्हटला. मी पिनेवरचं घर बघत बसून राहिलो.

७ ऑक्टोबर

घर माझं आहे. नळ ठिबकत नाही. भिंती स्वच्छ. तिनं जाताना तिच्या वडिलांचा फोटो, शिलाई मशीन आणि पातेली नेली. ते एक पातेलंही, गहाणखतावर ठेवायची ते. शेगडी जुनीच आहे, म्हणजे त्या दिवशी शेगडीचं काही नव्हतंच.

इथे बसवत नाही. मी तिच्याशी फार वाईट वागलो. एवढं साधं वाक्य लिहायला मला दोन महिने लागले. आज प्लंबर बोलावून न्हाणीघराची ओल काढायला घेतली. तो म्हणाला, पोकळ वगैरे काही नाही, पाइपाचा एक जोड सुटलाय, अर्ध्या तासाचं काम.

११ ऑक्टोबर

आज क्लासला दांडी मारली आणि तिच्याकडे गेलो. बिस्किटं घेणार होतो, दुकानाबाहेर उभा राहिलो आणि मग नकोच वाटलं. मोकळ्या हातानं बेल वाजवली. तिनं अर्धंच दार उघडलं. मागे खिडकी दिसली, खिडकीत झाड होतं.

"काय हवंय?"

"घर बघायला आलोय," मी म्हणालो.

"बघायचं नसतं ना? आकडा सांगते हवा तर."

जिन्यावरून कुणीतरी गेलं, मी अंग चोरून वाट दिली.

"का हवंय हे घर?" तिनं विचारलं. सरावाच्या दिवशी बसली होती तशीच, अगदी समोर, अगदी शांत.

टायवाल्यानं या प्रश्नाची बारा उत्तरं पाठ करून घेतली होती. एक आठवेल तर शपथ. "तिकडे करमत नाही," मी म्हणालो. "तू नाहीस. घर झोपलेलं असतं म्हणे! कसलं झोपलेलं, खायला उठतं ते."

तिनं मला पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भावनेच्या भरात बोललात. मार्क कापावे लागतील."

"किती दिलेस?"

"दहापैकी तीन," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

तीन म्हणजे नापास. पण शून्यवाल्याला आमच्या शाळेत सरळ घरी पाठवत, तीनवाल्याला फेरपरीक्षेला बसू देत. पुढच्या रविवारी पुन्हा जातो.